पहिला धडा उलटण्याचा

मी पोहायला शिकले ते तळेगाव ढमढेऱ्याच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीत. उन्हाळ्याची सुट्टी लागली की आण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते, पांगाऱ्याचा वाळलेला ओंडका काढायचे. त्याला आम्ही बिंडा म्हणायचो. पांगाऱ्याचं लाकूड वाळलं की इतकं हलकं होतं की आठ वर्षांच्या पोरीला ते बुडू देत नाही. बिंडा पाठीला आवळलेला, कमरेला सोल, सोलाचं दुसरं टोक आण्णांच्या मुठीत आणि आण्णा थारोळ्याच्या दगडावर पाय सोडून बसलेले. पहिल्या दिवशी हातपाय कसे मारायचे हे त्यांनी सांगितलंच नाही. त्यांनी आधी डोकं पाण्याखाली जाऊ दिलं. नाकातोंडात पाणी गेलं, मी ठसकले, रडले, तेव्हा वरून एवढंच म्हणाले, "गेलं ना पाणी? काही झालं का? आता परत."

पुढचं मला मोठेपणी कळलं. दर दोन-तीन दिवसांनी आण्णा कोयत्यानं बिंड्याची एक ढलपी काढायचे. आम्हाला सांगायचे नाहीत. मे महिना सरत आला तेव्हा पाठीवर जेमतेम भाकरीएवढी चकती उरली होती, आणि एका सकाळी तीही नव्हती. मी दोन फेऱ्या मारून पायरीला हात लावला तेव्हा माझ्या धाकट्या भावानं ओरडून सांगितलं की बिंडा तर कट्ट्यावरच पडलाय.

समुद्रातल्या कयाकविषयीच्या पुस्तिकेची प्रस्तावना विहिरीपासून सुरू करायला कारण आहे. आमच्या गावापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सव्वाशे किलोमीटरच्या पलीकडे. गावाला वेळ नदी आहे, पण उन्हाळ्यात ती चासकमान धरणातून सुटणाऱ्या पाण्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसते. अशा गावातल्या पाच-सहा तरुणांनी समुद्रात नवखेपणानं होडी हाकणाऱ्यांसाठी टिपणं काढावीत, ती छापावीत, याचं काहींना नवल वाटेल. मला वाटत नाही. शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगावच्या कारखान्यांत काम करणारी आमची पोरं सुट्ट्या जोडून आल्या की गाडी काढतात आणि ताम्हिणी उतरून कोकणात जातात. किनाऱ्यावर रंगीत प्लास्टिकच्या कयाक मांडलेल्या असतात. अर्ध्या तासाचे पैसे देऊन, हातात वल्हं घेऊन, अंगात लाइफ जॅकेट अडकवून ती पाण्यात शिरतात. त्यांतल्या पुष्कळांना पोहता येतं. विहिरीत, कालव्यात, भीमेच्या डोहात ती पट्टीची पोहणारी असतात आणि मला भीती वाटते ती त्यांचीच. ज्याला पोहता येत नाही तो मुळात घाबरून काठाकाठानं राहतो. ज्याला येतं त्याला वाटतं की पाणी म्हणजे पाणी.

मलाही तसंच वाटलं होतं. कुठला किनारा ते सांगत नाही, कारण दोष त्या किनाऱ्याचा नव्हता. मार्गशीर्षातली सकाळ, साडेआठची वेळ. खाडीच्या मुखाजवळचं पाणी तेल ओतल्यासारखं गुळगुळीत. मी आणि माझी मैत्रीण दोघींच्या कयाकमध्ये बसलो आणि वल्हं मारायला लागलो. मला इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. वीस मिनिटांत किनाऱ्यावरची माणसं काडेपेटीतल्या काड्यांएवढी दिसायला लागली. आम्ही खूश. आपल्याला हे उपजतच येतं, असं मी मैत्रिणीला म्हणाल्याचं अजून आठवतं. मग परत फिरलो, आणि काठावरचं सुरूचं बन काही केल्या जवळ येईना. दहा मिनिटं वल्हवलं, तरी समोर तेच झाड. वारा थेट तोंडावर. किनाऱ्यालगत झाडांच्या आडोशानं तो जाणवला नव्हता, आत मात्र पाण्यावर बारीक बारीक उभ्या लाटा उठल्या होत्या. कयाक वळवताना ती आडवी झाली, दोघी एकाच बाजूला झुकलो आणि पाण्यात पडलो. जॅकेटचे पट्टे मी ढिले ठेवले होते, आवळले की गुदमरल्यासारखं होतं म्हणून. पाण्यात पडताच ते जॅकेट वर सरकून कानांपर्यंत आलं. माझं तोंड त्यातच अडकलं. विहिरीत तीस-तीस फेऱ्या मारणारी मी, आणि मला हातही नीट हलवता येईनात.

उलट्या कयाकला धरून किती वेळ गेला ते आठवत नाही. एक कोळी दादा जाळं ओढून परतत होते, त्यांनी आम्हाला होडीत घेतलं. रागावले नाहीत. पाणी प्यायला दिलं आणि विचारलं, "आज तिथी कुठली?" आम्हा दोघींनाही सांगता येईना. त्यांनीच सांगितलं, दशमी. दहाची पाऊणपट किती? साडेसात. साडेसातला भरती पुरी झाली, म्हणजे साडेआठला तुम्ही निघालात तेव्हा ओहोटी लागलेली, आणि नऊ-साडेनऊनंतर खाडी रिकामी होताना तिची ओढ सगळ्यात जास्त. वर सकाळचा मतलई वारा, तोही जमिनीकडून समुद्राकडे. दोन्ही तुम्हाला आत नेत होते. तुम्हाला वाटलं तुम्हीच वल्हवताय.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे गणित कोकण किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. पौर्णिमा किंवा अमावस्या झाली की प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी. हे अदमासाचं गणित आहे. आता मिनिटांत वेळ सांगणारी कोष्टकं फोनवर मिळतात आणि ती पाहावीतच, पण ज्याला हे तोंडी येतं त्याला किनाऱ्यावर पाऊल टाकताच पाणी चढतंय की उतरतंय हा प्रश्न सुचतो. प्रश्न सुचणं महत्त्वाचं. पाणी सहा तासांत चढतं-उतरतं ते सारख्या वेगानं नाही. पहिल्या आणि शेवटच्या तासात थोडं थोडं हलतं, मधल्या दोन तासांत मिळून जवळजवळ निम्मं पाणी जातं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईकडे पाणी साडेचार-पाच मीटरनं वरखाली होतं, खाली मालवणकडे त्याच्या साधारण निम्म्यानं. म्हणजे एका किनाऱ्यावर मिळवलेला अनुभव जसाच्या तसा दुसऱ्या किनाऱ्यावर चालत नाही.

खारे वारे आणि मतलई वारे आपण भूगोलाच्या पुस्तकात वाचतो, परीक्षेत चार गुणांसाठी लिहितो आणि विसरतो. समुद्रात ते चार गुण जीव वाचवतात. दिवसा जमीन तापली की वारा समुद्राकडून येतो. दुपारी लाटा उठतात, पाणी खवळलेलं दिसतं, म्हणून नवखा माणूस दुपारी जात नाही आणि सकाळी जातो. पण दुपारचा वारा निदान काठाकडे ढकलतो. सकाळचं शांत पाणी दाराशी मऊ असतं आणि अंगणाबाहेर वेगळं असतं. नवशिक्या माणसाचा कयाकचा वेग तासाला चार-पाच किलोमीटर धरा. वारा तासाला वीस किलोमीटरच्या पुढे गेला, लाटांच्या माथ्यावर जागोजागी पांढरा फेस दिसायला लागला, की तो वेग जवळजवळ संपतो.

नेमकं हेच २२ मार्च १९९३ ला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर घडलं. प्लिमथमधल्या एका शाळेची आठ मुलं, एक शिक्षक आणि साहस केंद्राचे दोन मार्गदर्शक लाइम रेजिसहून शेजारच्या चारमथला कयाकनं निघाले. दोनेक तासांचा प्रवास. सुरुवातीलाच शिक्षकांची कयाक उलटली, ती सावरायला एक मार्गदर्शक मागे राहिला आणि तेवढ्यात काठाकडून वाहणाऱ्या वाऱ्यानं मुलांना खोल समुद्रात नेलं. सोबतच्या मार्गदर्शकांचं स्वतःचंच शिक्षण प्राथमिक पातळीचं होतं. मदत मागायला हातात काही नव्हतं. काठावरच्यांनी वेळेत कळवलं नाही. थंड पाण्यात चार मुलं गेली. त्या केंद्रात आधी काम केलेल्यांनी सुरक्षेतल्या त्रुटींविषयी लेखी इशारा दिलेला होता, हेही पुढे खटल्यात आलं. केंद्राच्या संचालकाला तुरुंगवास झाला आणि १९९५ मध्ये मुलांच्या साहस केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा ब्रिटनमध्ये आला. हा प्रसंग मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते, कारण त्या दिवशी एकच एक मोठी चूक झाली नव्हती. वारा नेहमीचा होता, अंतर लहान होतं, मुलांनी जॅकेटं घातली होती. लहान लहान गोष्टी एकावर एक रचत गेल्या.

आपल्याकडची उदाहरणं लांब शोधायला नकोत. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बुडाले. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला निघालेली बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्यानं उलटली. सहा जण गेले, त्यांत लहान मुलं होती. एकच जण पोहत काठाला लागला. ही भीमा आमचीच. शिरूर-दौंडची शीव धरून ती खाली जाते आणि उजनीत साठते. वळवाचा वारा आमच्या अंगणातून उठतो. तरी उजनीचं पाणी म्हटलं की आपल्याला धरण आठवतं, भिगवणचे रोहित पक्षी आठवतात, मासे आठवतात, पण ते पाणी इतकं रुंद आहे की त्यावर वारा समुद्रासारखी लाट उठवू शकतो, हे आठवत नाही.

म्हणूनच ही टिपणं उलटण्यापासून सुरू होतात. वल्हं कसं धरायचं ते तिसऱ्या प्रकरणात आहे, आणि हा क्रम बदलू नका असा आग्रह मीच धरला. कयाक ही उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशातल्या इनुइट लोकांची शिकारीची होडी. सीलच्या कातड्यानं मढवलेली, माणसाच्या कमरेभोवती बंद होणारी. त्या गार पाण्यात पडलेला माणूस फार वेळ जगत नाही. त्यामुळे होडीतून बाहेर न पडता, कमरेच्या झटक्यानं आणि वल्ह्याच्या आधारानं ती पुन्हा सरळ करण्याच्या कितीतरी पद्धती ग्रीनलंडमध्ये विकसित झाल्या. म्हणजे ज्यांनी ही होडी घडवली त्यांनी ती उलटणार हे आधीच धरलं होतं.

आपल्या किनाऱ्यांवर भाड्यानं मिळते ती वर बसायची, उघडी कयाक. तिच्यात अडकण्याची भीती नाही, पण परत चढायची विद्या तिलाही लागते. ती अशी. पडलात की सगळ्यात आधी कयाकला हात. ती सोडून काठाकडे पोहत जायचं नाही, काठ कितीही जवळ दिसला तरी. लाटांमध्ये माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं, कयाक लांबूनही दिसते. वल्हं दुसऱ्या हातात किंवा दोरीनं बांधलेलं. कयाक उलटी असेल तर तिच्या पोटावरून हात टाकून पलीकडची कड धरायची आणि स्वतःकडे ओढत मागे झुकायचं, ती सरळ होते. मग मधोमध यायचं. इथे सगळे चुकतात. पाय खाली लोंबकळत ठेवून नुसत्या हातांच्या जोरावर वर चढू बघतात, कयाक पुन्हा अंगावर येते. त्याऐवजी पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर आणायचे, बेडकासारखे जोरात मारायचे आणि त्या जोरात छाती कयाकवर सरकवायची. आधी पोट आडवं पडेल, मग अंग वळवून बैठक जागेवर, शेवटी पाय आत. उभं राहायचं नाही, घाई करायची नाही. पोट, बैठक, पाय. गावातल्या एका सोळा वर्षांच्या मुलीला हे सातव्या खेपेला जमलं. सहाव्या खेपेला ती रडवेली झाली होती. सातव्यांदा पोट वर पडलं तेव्हा ती तशीच आडवी पडून दोन मिनिटं धापा टाकत राहिली, मग म्हणाली, "ताई, आता मुद्दाम पाडा मला." मी पाडलं.

जॅकेटचंही तसंच. ते कमरेपासून वर आवळत न्यायचं आणि मग कुणाला तरी दोन्ही खांद्यांना धरून जोरात वर उचलायला सांगायचं. हनुवटीच्या वर सरकलं तर पुन्हा आवळायचं. त्याला एक शिट्टी बांधलेली असावी. दमलेल्या माणसाचा आवाज लाटांत दहा हातांवर विरतो, शिट्टी ऐकू जाते. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, अंगाला बांधलेला, होडीला नव्हे. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे, तो पाठ हवा. आणि काठावर एक माणूस, ज्याला आपण किती वाजता परतणार हे माहीत आहे आणि नाही परतलो तर काय करायचं हेही माहीत आहे.

सराव कुठे करायचा, हा आमच्याकडे मोठा प्रश्न होता आणि त्यावर इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण किनाऱ्यावरच्या लोकांनी लिहिलेल्या पुस्तकांत ते सापडत नाही. शेततळ्यात करू नका. आमच्या तालुक्यात प्लास्टिकचा कागद घातलेली शेततळी ठिकठिकाणी आहेत. पाणी स्वच्छ, निवांत, लांबरुंद. पण तो ओला कागद साबणासारखा निसरडा असतो, उतार तीव्र, आणि पडलेल्या माणसाला काठ हाताशी असूनही वर येता येत नाही. वाचवायला उतरलेलाही आतच राहतो. दरवर्षी कुठे ना कुठे घरं उजाड होतात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पाणी सांडत असेल तर त्याच्या खालीही जाऊ नका, वरही नको. सांडलेलं पाणी पायथ्याशी उलटं गिरकी घेतं आणि जे सापडेल ते पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढतं. तिथे जॅकेट घातलेला माणूसही सुटत नाही. भीमेच्या पात्रात वाळूउपशाचे खड्डे आहेत. गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकलं की दोन पुरुष खोल. जलपर्णी आली की तिच्याखालचं काहीच दिसत नाही.

मग उरतं काय? पोहण्याचा तलाव उरतो, रिकाम्या वेळी, तिथल्या जीवरक्षकासमोर. बंधाऱ्याच्या फुगवट्याचं थांबलेलं पाणी उरतं, भिंतीपासून लांब, आवर्तन आणि पाऊस दोन्ही नसताना, तळ काठीनं तपासून, काठावर दोर घेतलेला माणूस उभा करून. आमच्या मुलांनी हेच केलं. पुण्यात सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेच्या बोट क्लबची परंपरा मोठी आहे. १९२८ पासून तिथे रेगाटा हा होड्यांचा उत्सव होतो, मुळेच्या पाण्यावर विद्यार्थी कयाकची कसरत करतात. पुढचं रीतसर शिक्षण घ्यायचं तर गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तारकर्लीला पर्यटन महामंडळाची संस्था आहे. महाराष्ट्र शासनाचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यात अशा उपक्रमांच्या आयोजकांना नोंदणी बंधनकारक केली आहे. किनाऱ्यावर पैसे देण्याआधी नोंदणी आहे का, सोबत येणारा माणूस काय शिकलाय, सुटकेची बोट कुठे आहे, हे तीन प्रश्न विचारायचा आपल्याला हक्क आहे. विचारताना संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. तरी विचारा.

मुंबईचे कौस्तुभ खाडे यांनी २०१५-१६ मध्ये गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंतचा पश्चिम किनारा, तीन हजार किलोमीटरहून जास्त, एकट्यानं कयाकमधून पार केला. शांजली शाही काठाकाठानं सायकलवरून सोबत होत्या. आमच्या मुलांच्या भिंतीवर त्या मोहिमेचं छायाचित्र आहे आणि असावंच. मी फक्त एवढं दाखवून देते की त्याआधी खाडे यांनी मुंबई ते गोवा केलं होतं, आणि त्याच्याही आधी संघाच्या होडीत वल्ही मारली होती. आण्णांच्या भाषेत सांगायचं तर तिथेही ढलपी ढलपीच निघाली.

पुस्तिकेत सांगितलेली प्रत्येक पायरी पुढच्या पायरीआधी तीन वेगवेगळ्या दिवशी जमली पाहिजे, असा नियम मुलांनी घातला आहे. तो काहींना जाचक वाटेल. एका दिवशी जमलेली गोष्ट त्या दिवसाच्या उत्साहात जमलेली असू शकते. तिसऱ्या दिवशी अंग दुखत असताना, वारा थोडा जास्त असताना ती जमली तर ती आपली झाली. पहिल्यांदा समुद्रात जाल तेव्हा सोबत तिथलाच जाणता माणूस असावा, खाडीच्या मुखापासून लांब, काठाला समांतर, कमरेएवढ्या पाण्याच्या रेषेत. जून-जुलैत नाहीच. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. ही बंदी माशांच्या विणीसाठी आहे आणि खवळलेल्या दर्यासाठीही. कोळी नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मग होड्या लोटतात. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते थांबतात, तेव्हा सुट्टीवर आलेल्यानं थांबायला हरकत नसावी.

मुलांनी मला हस्तलिखित दिलं तेव्हा त्याच्या कडा पाण्यानं फुगल्या होत्या, दोन पानं चिकटली होती. ते त्यांनी बंधाऱ्याच्या काठावर बसून लिहिलं, एकेक कृती करून पाहत, चुकलं की खोडत. छापलेली प्रत कोरी आहे. पहिली दोन प्रकरणं वाचून झाल्यावर ती बाजूला ठेवा, जॅकेट आवळा, कुणाला तरी खांदे धरून उचलायला सांगा. तिसरं प्रकरण त्यानंतर उघडा.

तळेगाव ढमढेरे, ता. शिरूर
नारळी पौर्णिमा